कानात कापूस घातलेली बाई

आधीच सांगतो, ही घटना खरी आहे.

तुमचा विश्वास बसावा म्हणून मी शपथ घेणार नाही. या पेजवर रोज कोणी ना कोणी शपथ घेतं, आणि खाली तेच ते. पांढरे कपडे, मोकळे केस, उलटे पाय. मला झोप लागत नसली की मी या गोष्टी वाचतो, आणि अर्ध्यात घोरायला लागतो. भीती सोडाच, साधी कूस बदलावीशी वाटत नाही.

माझ्या घटनेत अमावस्या नाही. रात्रसुद्धा नाही. मंगळवार होता, जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती आणि बाहेर टळटळीत ऊन होतं. जागा म्हणजे एक जुनी कापडगिरणी. आता तिचं वस्त्रसंग्रहालय केलंय.

मी साउंडचं काम करतो. लग्नाचे हॉल, सभा, नाटकं, जे मिळेल ते. कुठला माइक शिट्टी मारणार आहे हे मला तो शिट्टी मारायच्या आधी कळतं. माझं पोट माझ्या कानांवर चालतं. हे नीट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

संग्रहालयात मला काम मिळालं ते मागांचा आवाज बसवायचं. कारण माग सगळे मुके. मोटारी काढलेल्या, पट्टे कापलेले. कुणा पाहुण्याचं बोट अडकायला नको म्हणून चाकांना वेल्डिंग मारलेलं. मग आवाज कुठून येणार? माझ्या स्पीकरमधून.

तिथल्या प्रमुख बाईंना सगळे मॅडम म्हणतात. मॅडमना गिरणीची फार कळकळ. बॉयलरच्या खोलीत त्यांनी कॉफीचं दुकान काढलं आणि रंगखात्यात उशा विकायला ठेवल्या. मी पहिल्यांदा खऱ्या मागांचा आवाज लावून दाखवला तेव्हा त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले.

"थोडा मंद ठेवा ना," त्या म्हणाल्या. "ऐकून कसं प्रसन्न वाटलं पाहिजे."

प्रसन्न.

याच शेडमध्ये माझ्या आत्याने उमेदीची सगळी वर्षं माग चालवले. घरी आली तेव्हा कान पार गेलेले होते. दाराशी फटाका वाजला तरी तिची मान वळत नाही. मी मात्र आवाज कमी केला. इतका कमी, की बाळ झोपेल. काम काम असतं.

शिवाय पुतळे होते. कपड्यांच्या दुकानात काचेमागे उभे असतात ते, गुळगुळीत, लांब बोटांचे. त्यांना जुने कपडे घालून प्रत्येक मागाशी एकेक उभा केला होता. एका पुतळ्याच्या नखांना लाल रंग तसाच राहिला होता. मॅडमना ते दिसलं नव्हतं, आणि मी सांगितलं नाही. मला गंमत वाटत होती.

आता एक गोष्ट समजून घ्या.

माग चालू असले की शेडमध्ये स्वतःचं ओरडणंसुद्धा ऐकू येत नसे. म्हणून बायका ओठांनी बोलायच्या, आवाज न काढता, आणि हातांनी. त्यातली एक खूण सगळ्यात महत्त्वाची होती. कुणाला पाण्याला किंवा आणखी कशाला जायचं असलं की ती हात वर करी, मग आपल्या मागाकडे बोट दाखवी आणि शेजारणीकडे बघत थांबे. शेजारणीने मान हलवली की झालं. तो माग आता शेजारणीचा. धागा तुटला तर तिने जोडायचा, धाग्याची कांडी संपली तर तिने बदलायची, जाणारी परत येईपर्यंत. मान हलेपर्यंत मात्र जागचं हलायचं नाही, मग जीव गेला तरी.

मी आत्याकडे वाढलो. आईवडील दोघंही कामाला. आत्याने ही खूण घरात आणली होती. गॅसवर दूध असलं आणि तिला बाहेर जायचं असलं की ती हात वर करायची, पातेल्याकडे बोट दाखवायची. मी मान हलवायचो. नंतर दूध उतू गेलं तर पाठीत धपाटा.

ही सवय माझ्या हाडात बसली आहे. आजही कुणी तसा हात वर केला की डोकं विचार करायच्या आत माझी मान हलते.

तर, त्या मंगळवारी मी शेडमध्ये एकटा होतो. शिडीवर चढून स्पीकर घट्ट करत होतो. रेकॉर्डिंग चालू होतं, तेच, बाळ झोपेल असं.

आणि ते...

बंद झालं.

मी खाली बघितलं. मशिनचा दिवा हिरवा, आकडे पळताहेत. म्हणजे आवाज चालू होता. मला येत नव्हता. मी शिडीवर पाना आपटला.

काहीच नाही.

तेवढ्यात मागांच्या पलीकडच्या रांगेत एक बाई उभी दिसली. डोक्याला घट्ट रुमाल, बाह्या वर दुमडलेल्या, दोन्ही कानांत कापसाचे बोळे. खांद्यावर धाग्याचा भुगा. मला वाटलं, मॅडमनी उद्घाटनासाठी कुणी नटी आणली. मनात म्हटलं, निदान हिचे कपडे तरी कुणीतरी विचार करून दिलेत.

बाई माझ्याकडेच बघत होती. तिने...

हात वर केला.

मग तिच्यासमोरच्या मागाकडे बोट दाखवलं, आणि थांबली.

माझी मान हलली.

तिचा चेहरा मला अजून आठवतो. भयानक वगैरे काही नव्हता. फार वेळ उभं राहिलेल्या माणसाला बसायला खुर्ची मिळाल्यावर होतो तसा झाला. ती वळली आणि दाराकडे चालत गेली. दारात तिने कानांतला कापूस काढला आणि बाहेर उन्हात गेली.

आवाज परत आला. माझ्या हातातून पाना सुटला तो खाली पडल्याचा आवाजसुद्धा आला.

मी मॅडमना विचारलं, नटी छान आहे, कुठून आणली?

"कसली नटी?" मॅडम म्हणाल्या. "पुतळ्यांपुढे बजेटच राहिलं नाही."

मी विषय सोडला. माणसं आत-बाहेर करत असतात, मला काय त्याचं. कॅमेरे का नाही बघितले, असं तुम्ही विचाराल. बघण्यासारखे नव्हतेच. भिंतीवर नुसते खोके लावलेत. आत कॅमेरा नाही.

दोन-तीन दिवसांनी मॅडमचा फोन आला. चिडलेल्या होत्या. त्या कोपऱ्यातल्या मागावर वीतभर कापड दाखवायला म्हणून ताणून बांधलं होतं, ते कुणीतरी वाढवलं होतं.

"वाढवलं म्हणजे?"

"म्हणजे विणलंय. हातभर झालंय. आणि काय घाण विणलंय. तुम्ही लोक माझ्या वस्तूंशी खेळू नका."

मी जाऊन बघितलं. चाकाचं वेल्डिंग जसंच्या तसं, वर धूळसुद्धा. आणि पुढे कापड. धागे तुटलेले, कुणी जोडलेच नव्हते. तुटल्या जागेपासून खालपर्यंत कापडात फटी पडत गेल्या होत्या. धोटा, आडवा धागा घेऊन पळणारा तो लाकडी तुकडा, मध्येच अडकून पडला होता. कुणाचंच लक्ष नसल्यावर कापड जसं होतं, तसं ते होतं.

त्याच्याकडे कुणी लक्ष ठेवायला हवं होतं, हे माझ्या मनात आलं. पण मी हसलो. खोटं कशाला बोलू, मोठ्याने हसलो.

हसण्याचा आवाज मला...

आला नाही.

तिथून ते सुरू झालं. आधी बारीक आवाज गेले. नळाचं ठिबकणं, फोनची थरथर. मग बायकोचा आवाज स्वयंपाकघराच्या दारापर्यंत येऊन तिथेच राहायला लागला.

"अहो, किती हाका मारायच्या?" ती समोर येऊन म्हणायची, आणि मी तिच्या ओठांवरून समजून घ्यायचो. आत्यामुळे तेवढं येत होतं.

डॉक्टरांनी कानात दिवा घालून बघितलं. तपासण्या झाल्या. कान उत्तम आहेत म्हणाले, म्हणजे त्यांच्या ओठांवरून तसं दिसलं. टेन्शन घेऊ नका म्हणाले. काही कळलं नाही की हे लोक टेन्शन काढतात.

मग एक दिवस जिथे सगळं शांत झालं होतं, तिथे खालून काहीतरी यायला लागलं. कानातून नाही. तळपायातून.

खटक... खटक... खटक...

मी आवाज मोजायचं मशीन काढून टेबलावर ठेवलं. बायको बोलली की काटा हलत होता. तिचा आवाज मला येत नव्हता. खटक यायचं तेव्हा काटा जागेवर.

आणि मधूनच त्या खटकचा ताल बिघडायचा. धागा तुटलाय, हे मला घरात बसून कळायचं. कुठला तेही कळायचं. हात शिवशिवायचे. मी काय करणार होतो? मला धागा जोडता येत नाही. मला शर्टाचं बटण लावता येत नाही.

त्याच आठवड्यात एका हॉलमध्ये सभा होती. मी माइक उघडला, खुर्चीला टेकलो. समोरची माणसं एकदम वाकली. सगळ्यांनी कान दाबून धरले, एक लहान मूल रडायला लागलं. मी खिशात हात घालून बघत होतो की यांना झालं तरी काय. संयोजक धावत आला आणि त्याने माझ्या देखत वायर उपटली. स्पीकर किंचाळत होता. माझा स्पीकर.

पुढची कामं फोनवरच रद्द झाली. फोन बायकोने घेतले.

मी घाबरलो होतो. आता मान्य करायला हरकत नाही. कान गेलेला साउंडवाला म्हणजे कोण? कुणीच नाही. ज्या माणसांची मी आयुष्यभर टर उडवली त्यांच्यापुढे हात पसरायची वेळ येणार होती.

शेवटी आत्याला सांगितलं. ती आमच्याकडेच राहते. वय झालंय, पण जीभ अजून तिखट. भुताखेतांवर तिचा माझ्याहून कमी विश्वास. तिच्या मते तिने आयुष्यात एकच भूत पाहिलं, ते म्हणजे तिचा नवरा, आणि तो जिवंत होता.

मी सांगत होतो, ती माझ्या ओठांकडे बघत होती. मान हलवल्याचं आलं तसा तिचा चेहरा बदलला.

"कोण होती ती?" मी विचारलं.

"मला काय माहीत? शेडभर बायका होत्या. सगळ्यांच्या कानात कापूस होता."

"परत येईल का?"

आत्या माझ्याकडे बघत राहिली. ती मूर्खांकडे बघते तशी.

"कापूस काढून गेली म्हणालास ना? मग झालं तर. पाण्याला जाणारी कापूस काढत नाही." आणि उठली. "चल. बघू दे काय दिवे लावलेस ते."

आम्ही सकाळीच गेलो. उद्घाटन होऊन गेलं होतं, शाळेच्या मुलांची रांग होती. आत्याने शेडमध्ये पाऊल टाकलं आणि पुतळे बघून तिला हसू आवरेना.

"एवढी गोरीपान बाई? पहिल्याच दिवशी पळाली असती. आणि ही नखं बघ. ही धागा जोडणार का लग्नाला निघाली?"

मॅडम पुढे आल्या. आत्या इथे काम करायची हे कळल्यावर त्यांनी तिचे दोन्ही हात धरले.

"आजी, जुने दिवस आठवले असतील ना?"

"ती खुर्ची कुणाची?" आत्याने मागाजवळच्या लाकडी खुर्चीकडे बोट दाखवलं.

"कामगारांची. त्या काळातलीच आहे."

"हो का. आम्हाला कधी दिसली नाही."

मॅडम हसत राहिल्या. काय झालं हे त्यांना कळलंही नाही.

मग आम्ही कोपऱ्यातल्या मागाशी आलो. कापड आता गुंडाळी होण्याइतकं झालं होतं. मॅडमनी कंटाळून त्याच्यापुढे पाटी लावली होती, 'जुनं सदोष कापड'. आत्याने पाटी बाजूला केली. कापडावरून हात फिरवला, फटीत बोट घातलं. हसू गेलं.

"हे कुणी विणलं?"

"मी नाही विणलं, आत्या. मी फक्त..."

"तूच. दिसतंय ना. दूधसुद्धा असंच सांभाळायचास." तिला खरोखर राग आला होता. भुताचा नाही, कापडाचा. "हात वर कर."

मला कळलं ती काय म्हणतेय.

"नको, आत्या."

"कर म्हणते ना. तुला जमायचं नाही हे. आणि माझं आता काय जायचंय? कान? ते इथेच गेलेत."

मी नाही म्हणायला हवं होतं. मी एकदाच नाही म्हणालो, तेही हळू. माझ्या डोळ्यांपुढे तो हॉल होता, ती उपटलेली वायर होती.

मी हात वर केला. मागाकडे बोट दाखवलं. तिच्याकडे बघत थांबलो.

आत्याने मान हलवली.

...

आवाज धाडकन आला. मुलांचा गोंगाट, मॅडमच्या टाचा, कुणाचा तरी फोन, माझं ते मंद, बावळट रेकॉर्डिंग. तळपायात काही नाही. मी बाहेर पळालो आणि रस्त्याच्या कडेला उभा राहून गाड्यांचे हॉर्न ऐकत राहिलो. मला रडू येत होतं. इतका आनंद मला मुलगी झाली तेव्हा झाला होता.

बऱ्याच वेळाने आठवलं की आत्या आतच आहे.

ती मागाशी उभी होती. खुर्ची शेजारीच होती, पण ती उभी होती. मी दंडाला धरून घरी आणली. वाटभर मान मागे वळवून बघत होती.

रात्री जेवताना तिने एकदम ताट सरकवलं.

"ते मशीन बंद करा कुणीतरी."

बायको माझ्याकडे बघायला लागली. घरात कसलंच मशीन चालू नव्हतं.

"कुठलं मशीन, आत्या?" मी विचारलं.

तिने माझ्या ओठांकडे बघितलं नाही. दोन्ही कानांवर तळवे दाबले. जिला दारातला फटाका ऐकू येत नाही, ती बाई म्हणाली,

"आवाज फार होतोय. कापूस आण जरा."

आता तिच्या कानात दिवसरात्र कापूस असतो. ती बसत नाही. खिडकीशी उभी राहते, पाय सुजून टम्म झालेत. बोटं हवेत चालू असतात, तुटलेलं काही जोडत असल्यासारखी. झोपेच्या गोळ्या दिल्या तर उभ्या उभ्या डुलक्या घेते, आणि दचकून परत हात चालवते.

परवा मॅडमचा फोन आला होता. आनंदात होत्या. त्या मागावरचं कापड आता एकदम सुरेख येतंय म्हणाल्या, एक धागा चुकलेला नाही. कोण करतंय ते करू दे, त्यांची तक्रार नाही. नवीन पाटी लावली आहे. लोक फोटो काढतात.

माझी कामं परत सुरू झाली. कान पूर्वीपेक्षा तीक्ष्ण झालेत. आता हे लिहितोय तर शेजारच्या खोलीतलं आत्याचं पाय बदलणं ऐकू येतंय. एक पाय... मग दुसरा.

कमेंटमध्ये उपाय लिहू नका. ताईत, मंत्र, ओळखीचा बाबा, काही नको. उपाय मला माहीत आहे. तुम्हालाही कळला असेल, अगदीच ढ नसाल तर.

कारण गेल्या आठवड्यापासून आत्या ओरडत नाही, मशीन बंद करा म्हणत नाही. मी खोलीत गेलो की ती माझ्याकडे वळते. दूध गॅसवर ठेवून दाराशी उभी राहायची, तशीच उभी राहते.

आणि हात वर करते.

खिडकीकडे, हवेतल्या तिच्या मागाकडे बोट दाखवते. थांबते.

मी हल्ली तिच्या खोलीत जमिनीकडे बघत जातो. जेवणाचं ताट ठेवतो आणि तसाच बाहेर येतो. बायको विचारते, तुमची मान अशी ताठ का झाली, दाखवून या कुणाला तरी. मी म्हणतो, उशीमुळे असेल.

आत्ता पाय बदलण्याचा आवाज थांबलाय.

ती दारात आली असणार. मी वर बघितलेलं नाही.